सांभाळता येतील तेवढेच प्लगइन

परभणी जिल्ह्याचे अधिकृत संकेतस्थळ राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘एसथ्रीवास’ या चौकटीवर उभे आहे आणि त्या चौकटीच्या तळाशी आहे ते जगभर फुकट मिळणारे वर्डप्रेस. निविदा, भरतीच्या सूचना, अधिकाऱ्यांची निर्देशिका, पर्यटनस्थळांची माहिती हा मजकूर जिल्हा पातळीवरून चढवला जातो. परंतु त्याखालचे सॉफ्टवेअर केव्हा अद्ययावत करावे आणि त्याला कोणती जोड द्यावी, हे निर्णय केंद्राच्या हाती राहतात. या व्यवस्थेत स्थानिक हौसेला वाव नाही, अशी तक्रार होऊ शकते. तरीही या बंधनामागचा विचार तपासून पाहण्याजोगा आहे, कारण जिल्ह्यातील महाविद्यालये, पतसंस्था, खासगी रुग्णालये आणि साप्ताहिके यांना असा आडोसा नाही आणि त्यांच्या संकेतस्थळांवर काय बसवावे, हा प्रश्न बहुधा संकेतस्थळ ‘करून देणाऱ्या’ एखाद्या तरुणाच्या आवडीनिवडीवर सोडलेला असतो.

आशय व्यवस्थापन प्रणाली, म्हणजे बोलीभाषेत सीएमएस, ही अशी योजना आहे की जिच्यात मजकूर डेटाबेसमध्ये, मांडणी स्वतंत्र साच्यात आणि जास्तीच्या सोयी आणखी वेगळ्या तुकड्यांत ठेवलेल्या असतात, त्यामुळे प्रोग्रामिंग न येणाऱ्या लिपिकालाही रोजची सूचना स्वतः प्रसिद्ध करता येते. जास्तीच्या सोयींचे हे तुकडे वर्डप्रेसमध्ये प्लगइन, ड्रुपलमध्ये मॉड्यूल आणि जुमलामध्ये एक्स्टेन्शन या नावांनी ओळखले जातात. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी २७ मे २००३ रोजी प्रसिद्ध केलेल्या वर्डप्रेसमध्ये प्लगइनची सोय पुढच्याच वर्षी, १.२ या आवृत्तीत आली. आज त्याच्या अधिकृत भांडारात सुमारे साठ हजार प्लगइन विनामूल्य उपलब्ध आहेत. ‘अत्यावश्यक दहा’ किंवा ‘हवेतच असे वीस’ अशा याद्यांचा सुळसुळाट या विपुलतेतून झाला आहे, आणि त्या याद्यांतील बहुतेक शिफारशी इंग्रजीत विक्री करणाऱ्या दुकानांच्या गरजा डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असल्यामुळे मानवत किंवा सेलूच्या संस्थेला त्यांचा उपयोग मर्यादितच होतो.

प्लगइन बसवणे म्हणजे नेमके काय, हे समजून घेतल्याशिवाय निवडीचा विचार करता येत नाही. वर्डप्रेसच्या मूळ प्रोग्रॅममध्ये ठिकठिकाणी ‘हुक’ नावाच्या खुंट्या ठेवलेल्या असतात, म्हणजे पान तयार होताना, लेख जतन होताना किंवा कुणी प्रवेश करताना बाहेरच्या प्रोग्रॅमला आपले काम अडकवता यावे अशा जागा. प्लगइन या जागी स्वतःला जोडून घेते आणि त्यानंतर मूळ प्रोग्रॅमला जे जे करता येते ते सर्व त्यालाही करता येते. मोबाइलवरील ॲप कॅमेरा किंवा संपर्कयादी वापरण्यापूर्वी निदान परवानगी तरी मागते. वर्डप्रेसच्या प्लगइनवर असे कोणतेही कुंपण नाही, त्यामुळे पानाच्या कोपऱ्यात घड्याळ दाखवणारे प्लगइनही संपूर्ण डेटाबेस वाचू शकते, बदलू शकते आणि पुसूही शकते. म्हणून प्रत्येक नवे प्लगइन म्हणजे संस्थेच्या दप्तरात एका अनोळखी लेखकाला, आणि उद्या तो ज्याला आपले प्लगइन विकेल त्यालाही, दिलेला मुक्त प्रवेश होय.

यातील शेवटची शक्यता काल्पनिक नाही. डिस्प्ले विजेट्स नावाचे, सुमारे दोन लाख संकेतस्थळांवर असलेले एक साधेसे प्लगइन २०१७ मध्ये मूळ लेखकाने विकले आणि नव्या मालकाने अद्ययावत आवृत्तीच्या नावाखाली त्यातून इतरांच्या संकेतस्थळांवर जाहिरातींचा मजकूर घुसवण्यास सुरुवात केली. भांडारातून ते वारंवार काढले गेले आणि वारंवार परत आले. सप्टेंबर २०२० मध्ये सात लाखांहून अधिक ठिकाणी असलेल्या फाइल मॅनेजर या प्लगइनमधील त्रुटीतून कुणालाही, पासवर्डशिवाय, सर्व्हरवर हवी ती फाइल चढवता येत होती. सर्वांत बोलके उदाहरण नोव्हेंबर २०२४ मधील आहे: रिअली सिंपल सिक्युरिटी हे चाळीस लाख संकेतस्थळांवरील प्लगइन खास सुरक्षेसाठी बसवले जात असे, आणि त्यातील दुहेरी पडताळणीची सोय सुरू केली की तिच्यातील चुकीमुळे परक्या व्यक्तीला थेट प्रशासक म्हणून आत शिरता येत होते. या तिन्ही प्लगइनची लोकप्रियता निर्विवाद होती, तेव्हा ‘लाखो लोक वापरतात’ हा निकष एकट्याने पुरेसा नाही, एवढे तरी मान्य करावे लागते.

तर मग निकष कोणता? प्रस्तुत स्तंभाचे मत असे की, संकेतस्थळाला काय काय हवे याची यादी करण्याआधी त्याच्याकडे दर आठवड्याला कोण आणि किती वेळ पाहणार आहे, हे ठरवले पाहिजे आणि प्लगइनची संख्या त्या उत्तरावरून काढली पाहिजे. महाविद्यालयात हे काम बहुधा संगणक विभागातील एखाद्या प्राध्यापकाकडे किंवा नॅकच्या समन्वयकाकडे तासिका सांभाळून करायचे काम म्हणून येते. मूल्यांकनाच्या वर्षी संकेतस्थळावर कागदपत्रांचा ढीग चढतो आणि ते वर्ष सरले की तिकडे कुणी फिरकत नाही. अशा ठिकाणी पंचवीस प्लगइन बसवणे म्हणजे पंचवीस लेखकांच्या सुधारणा, भांडणे आणि निवृत्ती यांचा भार कुणाच्याही गावी नसताना उचलणे आहे. पाच-सहा प्लगइनच्या पुढे गेल्यावर प्रत्येक नव्यासाठी जुने एक काढता येईल का, असा कंजूष विचार येथे गुण ठरतो. काढणे याचा अर्थ येथे पूर्ण पुसणे असा घ्यावा. नुसते निष्क्रिय केलेले प्लगइन सर्व्हरवर पडून राहते आणि त्याच्या फाइलमधील काही त्रुटींचा फायदा त्या अवस्थेतही घेता येतो.

शिवाय जुन्या याद्यांतील अनेक गोष्टी आता मूळ प्रोग्रॅममध्येच आल्या आहेत, याकडे दुर्लक्ष होते. चित्रे वाचक खाली सरकेल तशी उतरवणे, शोधयंत्रांसाठी पानांचा नकाशा देणे आणि प्लगइन आपोआप अद्ययावत करणे, या तिन्ही सोयी ऑगस्ट २०२० च्या ५.५ आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्ये अंगभूत आहेत. एखादे प्लगइन बिघडल्यास प्रशासकाला दुरुस्तीसाठी आत जाता यावे, ही तरतूद त्याआधीच, २०१९ च्या ५.२ मध्ये झाली. तरीही यांपैकी प्रत्येक कामासाठी स्वतंत्र प्लगइन बसवलेली संकेतस्थळे आजही दिसतात.

उलट मराठी संकेतस्थळाच्या खऱ्या अडचणी या याद्यांच्या खिजगणतीतही नसतात. त्यांतील पहिली पत्त्याची आहे. वर्डप्रेस लेखाच्या शीर्षकावरून त्याच्या पत्त्याचा शेवटचा भाग, ज्याला स्लग म्हणतात, आपोआप तयार करते आणि तो साठवण्यासाठी डेटाबेसमध्ये दोनशे चिन्हांची जागा राखून ठेवलेली असते. इंग्रजी शीर्षकाला ती भरपूर होते. देवनागरीतील प्रत्येक वर्ण, काना, मात्रा आणि हलन्त मात्र या साठवणीत नऊ-नऊ चिन्हांचा होतो, त्यामुळे बावीस वर्णांतच जागा संपते. ‘परभणी जिल्ह्यातील सोयाबीन पिकावरील कीड’ या शीर्षकाचा पत्ता ‘परभणी-जिल्ह्यातील-सोयाबी’ येथे तुटतो, आणि पुढच्या आठवड्यात ‘परभणी जिल्ह्यातील सोयाबीन खरेदी केंद्रे’ असा लेख आला की त्यालाही तोच पत्ता लागू पाहतो, म्हणून प्रणाली आणखी एक अक्षर छाटून शेवटी दोनचा आकडा चिकटवते. मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो, तशी ठरावीक शब्दांनी सुरू होणारी शीर्षके जेथे वर्षभर येतात तेथे या आकड्यांची माळच तयार होईल. यावर उपाय म्हणून लिप्यंतर करणारी प्लगइन सुचवली जातात, पण प्रसिद्ध करण्यापूर्वी दोन-तीन शब्दांचा स्लग हाताने लिहिण्याची सवय त्याहून भरवशाची आहे. जुने पत्ते सुधारताना एक भान ठेवावे लागते: लेखाचा पत्ता बदलल्यास वर्डप्रेस जुन्या दुव्यावरून आलेल्या वाचकाला स्वतःहून नव्या जागी नेते, तर स्थिर पानाच्या बाबतीत तसे करत नाही, तेथे पुनर्निर्देशनाचे प्लगइन खरोखर लागते.

दुसरी अडचण शोधाची. वर्डप्रेसचा अंगभूत शोध टंकलेली अक्षरे मजकुरात जशीच्या तशी आहेत का एवढेच पाहतो, आणि मराठीत विभक्तीपूर्वी शब्दाचे सामान्यरूप होत असल्यामुळे ‘शाळा’ शोधणाऱ्याला ‘शाळेत’ आणि ‘शाळांना’ यांपैकी दुसरेच सापडते, तर ‘जिल्हा’ शोधणाऱ्याला ‘जिल्ह्यातील’ सापडतच नाही. शोध सुधारण्याचा दावा करणारी प्लगइन पुष्कळ आहेत. मात्र त्यांतील शब्दमूळ ओळखण्याची सोय बहुतांशी युरोपीय भाषांपुरती असते, म्हणून पैसे मोजण्यापूर्वी याच दोन शब्दांनी चाचणी घ्यावी. ज्या संस्थांचा जुना मजकूर श्री-लिपी किंवा कृतिदेव अशा युनिकोडपूर्व फॉन्टांत आहे, तेथे तर शोधाचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर मराठी नसून इंग्रजी अक्षरांची अर्थहीन रांग असते. तो रूपांतरित करून, तपासून, मगच चढवावा लागतो, आणि हे काम माणसानेच करायचे आहे. दोन भाषांतील पानांसाठी पॉलिलँगसारखे, प्रत्येक भाषेचा मजकूर स्वतंत्र ठेवणारे प्लगइन समर्थनीय ठरते. यांत्रिक भाषांतराची पट्टी कोपऱ्यात लावून द्विभाषिकतेचे समाधान मानणे मात्र, विशेषतः प्रवेशाच्या नियमांसारख्या मजकुराबाबत, धोक्याचे आहे.

सर्वांना लागू होणारे अत्यावश्यक प्लगइन एकच सांगायचे झाले, तर ते बॅकअपचे. स्वस्त होस्टिंगवर कंपनी देत असलेला बॅकअप पुष्कळदा त्याच खात्यात राहतो, म्हणजे नूतनीकरणाची तारीख चुकून खाते बंद झाले की मूळ आणि प्रत दोन्ही एकदम जातात. अपड्राफ्टप्लससारखे प्लगइन डेटाबेस आणि फाइल ठरलेल्या वेळी गूगल ड्राइव्हसारख्या बाहेरच्या जागी पाठवते, तेव्हा ही गरज भागते. परंतु त्या प्रतीवरून संकेतस्थळ दुसरीकडे उभे करून पाहिल्याशिवाय बॅकअप आहे असे म्हणता येत नाही, आणि ही तालीम फारच थोड्या संस्था करतात.

चौकशीच्या अर्जांबाबतही असाच एक गैरसमज आढळतो. सर्वाधिक वापरले जाणारे काँटॅक्ट फॉर्म ७ हे प्लगइन आलेला अर्ज ईमेलने पुढे पाठवते, पण स्वतः साठवत नाही. होस्टिंगवरून निघालेला ईमेल स्पॅममध्ये गेला किंवा पोचलाच नाही, तर जूनमधील प्रवेशाची चौकशी कायमची हरवते. म्हणून अर्ज साठवणारे त्याच लेखकाचे फ्लेमिंगो आणि ईमेल अधिकृत खात्यातून पाठवणारे एखादे एसएमटीपी प्लगइन ही जोडी सोबत ठेवणे इष्ट. याच अर्जातून आधार कार्डाची छायाचित्रे मागवण्याचा मोह मात्र टाळलेला बरा, कारण ती सर्व्हरच्या एखाद्या उघड्या फोल्डरमध्ये साठू शकतात आणि डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार त्यांच्या रक्षणाची जबाबदारी संस्थेवर येते.

बाकीच्यांचा समाचार थोडक्यात घेता येईल. वेग वाढवणारे प्लगइन एकच असावे आणि ते सर्व्हरच्या जातीशी जुळणारे असावे. लाइटस्पीड कॅशचा पूर्ण लाभ लाइटस्पीडच्याच सर्व्हरवर मिळतो. पान ओढून-ताणून रचू देणारे पेज बिल्डर सुरुवातीला मोहक वाटतात, परंतु त्यांतील काही काढून टाकल्यावर मजकुरात कंसांतील संकेतचिन्हांचा कचरा मागे राहतो. दृष्टिबाधित वाचकांसाठी अक्षरे मोठी करणारी पट्टी लावली म्हणजे सुगम्यता आली, असे मानणे चूक आहे. अशा पट्टीच्या जोरावर संकेतस्थळ सुगम्य होते, हा दावा दिशाभूल करणारा ठरवून अमेरिकेच्या व्यापार आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये ॲक्सेसिबी या कंपनीला दहा लाख डॉलर भरायला लावले. स्कॅन करून चढवलेली पीडीएफ परिपत्रके वाचनयंत्राला केवळ चित्रे वाटतात, आणि जिल्ह्यातील संस्थांच्या संकेतस्थळांवर प्रमाण त्यांचेच मोठे असते. सशुल्क प्लगइनच्या ‘नल्ड’, म्हणजे परवान्याची अट तोडून फुकट वाटल्या जाणाऱ्या प्रती कोणत्याही परिस्थितीत वापरू नयेत, कारण त्यांत चोरवाटा पेरण्याचा धंदाच चालतो.

ड्रुपलची शिस्त या बाबतीत अधिक कडक आहे. तेथील सुरक्षा गट मान्यताप्राप्त मॉड्यूलच्या स्थिर आवृत्त्यांचीही जबाबदारी घेतो आणि तशी ढालीची खूण मॉड्यूलच्या पानावर दिसते. मात्र २०११ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीचा आधार ५ जानेवारी २०२५ रोजी संपल्यावर नव्या आवृत्तीत जाण्याचा खर्च लहान संस्थांना झेपणारा नव्हता. वर्डप्रेसच्या भांडारातही पाहण्यासारख्या खुणा आहेत: शेवटची सुधारणा केव्हा झाली, वर्डप्रेसच्या अलीकडच्या आवृत्तीवर चाचणी झाली आहे का, आणि वापरकर्त्यांच्या प्रश्नांना लेखक उत्तरे देतो का. गेल्या तीन मुख्य आवृत्त्यांवर चाचणी न झालेल्या प्लगइनच्या पानावर भांडार स्वतःच पिवळी सूचना लावते, आणि तेवढी वाचली तरी निम्मी निवड होऊन जाते.

उरलेली निम्मी कार्यादेशात होते. संकेतस्थळाचे काम देताना आपल्याकडे पानांची संख्या आणि रंगसंगती यांवर घासाघीस होते. त्याऐवजी बसवलेल्या प्रत्येक प्लगइनचे नाव, त्याचे प्रयोजन आणि ते काढल्यास काय बंद पडेल याची एक पानी नोंद कंत्राटदाराकडून लेखी घ्यावी, सशुल्क परवाने, डोमेन आणि होस्टिंग संस्थेच्या नावावर व संस्थेच्याच ईमेलवर असावेत, आणि मासिक देखभालीची रक्कम मूळ कामापासून वेगळी दाखवावी, म्हणजे मार्चअखेर अंदाजपत्रक करताना ती कुणाच्या तरी नजरेस पडेल.