दारू सुटली, पण राहायचं कुठं? गावातली बंद घरं कामी येतील का?

व्यसनमुक्ती केंद्रातून माणूस बाहेर पडतो, एसटीतून गावात उतरतो आणि स्टँडवरच जुनी मंडळी भेटतात. "चल, आज शेवटची." झालं, महिन्याची मेहनत पाण्यात. बायकोनं दागिने गहाण ठेवून केलेला खर्चही गेला. उपचाराला केंद्रं आहेत, पुण्याचं मुक्तांगण तर १९८६ पासून आहे. अडचण त्यानंतरच्या सहा-आठ महिन्यांची आहे.

दुसरीकडं गावोगाव घरं कुलूपबंद पडलीत. पोरं पुण्या-मुंबईला, म्हातारी माणसं गेली. पत्रे बदलून, दोन संडास-बाथरूम बांधून अशा घरात सहा-आठ जण राहू शकतात.

अमेरिकेत हे पन्नास वर्षं चाललंय. १९७५ साली मेरीलँड राज्यातल्या सिल्व्हर स्प्रिंगमध्ये असं एक सरकारी निवासघर बंद पडायला आलं, तेव्हा राहणाऱ्यांनीच ते भाड्यानं घेतलं. नाव ठेवलं ऑक्सफर्ड हाऊस. कारभार मतदानानं, खर्च सगळ्यांनी वाटून, आणि जो प्यायला तो लगेच बाहेर. वॉर्डन नाही. पुढं इलिनॉय राज्यात उपचार संपलेल्या १५० जणांचा अभ्यास झाला. दोन वर्षांनी पाहिलं तर अशा घरात पाठवलेल्यांपैकी ३१ टक्के नशा करत होते, नेहमीच्या पद्धतीनं घरी सोडलेल्यांत ६५ टक्के.

आपल्याकडं खर्च सिमेंटचा वाटतो, पण गाडी अडते सह्यांवर. घर चार भाऊ, दोन बहिणींच्या नावावर. एक जण विचारणारच, "दिलेलं घर परत मिळंल का?" ही भीती खोटी नाही. म्हणून तोंडी व्यवहार नको. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं कराराची नोंदणी सक्तीची आहे. मुदत किती, दुरुस्तीचा खर्च भाड्यातून कसा वळता करायचा, सगळं त्यात लिहून घ्या.

शेजारी "बेवड्यांचं घर" म्हणून ओरडतील. तिकडंही ओरडले. एडमंड्स शहराचा वाद तर सुप्रीम कोर्टात गेला, १९९५ मध्ये निकाल ऑक्सफर्ड हाऊसच्या बाजूनं लागला. आपण कोर्टाची वाट कशाला बघायची? विषय आधीच ग्रामसभेत ठेवावा.

मात्र हे घर म्हणजे दवाखाना नव्हे. कोंडून ठेवणं, मनानं गोळ्या देणं बिलकूल नको. साखळीनं बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात बंदीच आहे. दारू तोडल्यावर कुणाला झटके आले, भास व्हायला लागले, तर थेट सरकारी रुग्णालय गाठा. सल्ल्यासाठी १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे.

आणि घर बघायला जाल तेव्हा दारूचं दुकान किती लांब आहे ते आधी चालत मोजा. भिंतीची ओल नंतर बघा.