गावठाणाची हद्द आणि गावाची व्याप्ती

मुंबई उपनगर जिल्ह्याच्या महसुली दप्तरात बोरिवली, अंधेरी आणि कुर्ला असे तीन तालुके आजही नांदत आहेत, आणि गगनचुंबी इमारतीचा आराखडा मंजुरीसाठी दाखल करताना ‘मौजे एक्सर’ वा ‘मौजे चारकोप’ असे लिहिल्यावाचून भूखंडाची ओळख पुरी होत नाही. परंतु दप्तराने जपलेल्या त्या गावाला आपल्या आराखड्यात स्थान कोठे असते, हा प्रश्न नगररचनेच्या व्यवसायातील प्रत्येकाने स्वतःस विचारावा, असे आम्हांस कळकळीने वाटते.

साष्टीतील अनेक जुनी गावे उंचवट्यावर वसली, कारण भोवतीची खाजणे भरतीचे व पर्जन्याचे पाणी पोटात घेत आणि त्याच परिसरात भातशेती, मिठागरे व मासेमारी चाले. जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १२२ ने गावठाणाची हद्द ठरविण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांस दिला खरा, पण ती हद्द मुख्यतः राहत्या घरांची. तळे, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीची वाट, ओढ्याचे पात्र हे सारे बहुधा तिच्या बाहेरच राहिले, आणि १९५७ साली दहिसर-मुलुंडपर्यंतचा प्रदेश बृहन्मुंबईत समाविष्ट झाल्यावर नकाशावर ते हळूहळू निव्वळ रिकामी जमीन म्हणून गणले जाऊ लागले.

मुंबईला घरे हवीत, आणि ती सामान्यांच्या ऐपतीत हवीत, याविषयी दुमत नाही. १९८५ पासून जागतिक बँकेच्या साह्याने म्हाडाने चारकोप व गोराई येथे लहान भूखंड आखून, रस्ते, पाणी आणि मलनिःसारण पुरवून, घर मात्र ज्याचे त्याने बांधावे अशी योजना राबविली. सामायिक अंगणाभोवती सुमारे ३५ घरांचा समूह, ही तिची रचना आम्हांस आजही अनुकरणीय वाटते, कारण मोठ्या संख्येने घरे उभारूनही मनुष्याचे माप तिने सोडले नव्हते. आजचे चटईक्षेत्र निर्देशांकाचे गणित हे माप सोडू पाहते, ही आमची खरी चिंता आहे.

त्यातही भरावाचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. गावठाणाला लागून असलेली सखल जमीन भरून नव्या संकुलाचे जोते उंचावले, पुढील रस्ताही त्याच पातळीवर आणला, की शतकानुशतके उंचावर असलेली वस्ती भोवतालच्या मानाने खोलगट ठरते आणि संकुलाचे पाणी तिच्या अंगणात उतरते. नियमावलीचे प्रत्येक कलम पाळूनही हा अन्याय घडू शकतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा नैसर्गिक प्रवाह अडविण्याची किंमत या शहराने प्राणांनी मोजली.

म्हणून आमची व्यवसायबंधूंना विनंती अशी की, गावठाणालगतच्या कोणत्याही गृहसंकुलाच्या आराखड्यासोबत, नियमाने मागितला असो वा नसो, समतलरेषांचा एक नकाशा आपण होऊन जोडावा; त्यात जुन्या घरांच्या जोत्यांची पातळी, तळी, विहिरी, ओढे आणि वहिवाटीच्या वाटा दाखवाव्यात, भरावानंतरचे पाणी कोणत्या दिशेने जाईल ते स्पष्ट नोंदवावे, आणि काम सुरू होण्यापूर्वी तो गावकऱ्यांपुढे मराठीत समजावून सांगावा.