महापालिकेच्या बजेटमध्ये कासारवाडीकरांचा शब्द किती चालतो?

एका बाजूला पवना, मधून लोहमार्ग, शेजारून जुना मुंबई-पुणे महामार्ग आणि वर मेट्रो. कासारवाडी या चिंचोळ्या पट्ट्यात वसली आहे. ६ मार्च २०२२ रोजी पिंपरी ते फुगेवाडी मेट्रो सुरू झाली. १ ऑगस्ट २०२३ पासून ती पुण्यात सिव्हिल कोर्टापर्यंत धावू लागली. आता नाशिक फाट्यापासून खेडपर्यंत ३० किलोमीटरचा आठपदरी उन्नत मार्ग येणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये त्याला मंजुरी दिली. खर्च ७,८२७ कोटी रुपये.

चाकणला रोज कामावर जाणाऱ्याला हा रस्ता हवाच आहे, त्यावर वाद नाही. पण आपल्या दारात काय बांधायचं, हे ठरताना आपल्याला कुणी, कधी आणि किती विचारतं?

विचारतात, पण कशाबद्दल?

अर्थसंकल्प साधारण फेब्रुवारीत मांडला जातो. त्याआधी काही महिने महापालिका नागरिकांना कामं सुचवायला सांगते. ऑनलाइन अर्ज असतो, क्षेत्रीय कार्यालयातही देता येतो. कासारवाडीसाठी ते ‘ह’ क्षेत्रीय कार्यालय. सुचवायचं काय, तर पदपथ, दिवे, बाकडी, स्वच्छतागृह.

शेजारच्या पुण्यात हा प्रयोग २००६-०७ पासून चालू आहे. तिथे एका कामाला पाच लाख आणि एका प्रभागाला ७५ लाख अशी मर्यादा ठेवली गेली. इंजिनिअरिंगची सवय म्हणून हिशेब करून पाहिला. नाशिक फाट्याच्या उन्नत मार्गाचा खर्च मीटरला सुमारे २६ लाख पडतो. म्हणजे पुण्यातल्या अख्ख्या प्रभागाचा ‘लोकसहभाग’ त्या रस्त्याच्या तीन मीटरलाही पुरत नाही. पाच लाखांत तर वीतभरही रस्ता होत नाही.

तुलना थोडी अन्यायाची आहे, मान्य. रस्ता राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, मेट्रो महामेट्रोची.  पण खांब उभे राहिल्यावर पादचाऱ्यानं रस्ता कुठून ओलांडायचा, पावसाचं पाणी कुठे जायचं, रिक्षा कुठे थांबायच्या, ही दुखणी महापालिकेच्या हद्दीतच उरतात. सहभागाचा अर्ज नेमका तिथे उपयोगी पडायला हवा.

मग अडतं कुठे?

ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ मध्ये ही पद्धत सुरू झाली. तिथे वस्तीवस्तीत सभा भरायच्या, लोक भांडायचे, प्रतिनिधी निवडायचे आणि कोणतं काम आधी हे ठरवायचे. आपल्याकडे त्यातली सभा गळाली आणि अर्ज उरला. माझ्या अर्जात बाकडं, शेजारच्यांच्या अर्जात गटार. दोन्हींत आधी काय, हे ठरवतो अधिकारी.

त्यात १३ मार्च २०२२ रोजी नगरसेवकांची मुदत संपली आणि प्रशासकराज आलं. आयुक्तांनीच अर्थसंकल्प मांडायचा आणि प्रशासक म्हणून त्यांनीच मंजूर करायचा. २०२५-२६ चा केंद्रीय योजनांसह सुमारे ९,६७५ कोटींचा अर्थसंकल्प असाच मंजूर झाला. सभागृहात प्रश्न विचारायला एकही निवडून आलेला माणूस नव्हता. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर नगरसेवक परतले. पण नगरसेवक परतले म्हणजे नागरिकांचा सहभाग वाढला, असं मला वाटत नाही. उलट नागरिकांची कामं आणि नगरसेवकांची कामं यांत निधीची ओढाताण होते, हे पुण्यात दिसलं आहे.

कायद्यात सोय आहे

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात ‘क्षेत्रसभे’ची तरतूद आहे. काही मतदान केंद्रांच्या परिसरातले मतदार एकत्र बसतील, कामांचा प्राधान्यक्रम सुचवतील, असा तिचा अर्थ. गावात ग्रामसभा, तशी शहरात ही. १७ लाखांच्या (२०११ ची जनगणना) शहरात अशी सभा भरलेली तुम्ही कधी पाहिली आहे का?

दुसरी गोष्ट त्याहून सोपी आहे. महापालिकेच्या ‘सारथी’वर तक्रार केली की टोकन क्रमांक मिळतो. बजेटच्या सूचनेलाही तसाच क्रमांक द्या. स्वीकारली असेल तर कोणत्या लेखाशीर्षाखाली, किती रक्कम, निविदा कधी. नाकारली असेल तर कारण. सॉफ्टवेअर कंपनीत साधा बगसुद्धा कारण न लिहिता बंद करता येत नाही. इथे तर करदात्याचा पैसा आहे.

तोवर अर्ज भरणार असाल तर ‘रस्ता चांगला करा’ असं लिहू नका. चौक, किती मीटर, कोणतं काम हे नेमकं लिहा, फोटो जोडा आणि ‘ह’ कार्यालयातून पोच घ्या. पुढे माहिती अधिकारात त्या सूचनेचं काय झालं हे विचारायचं असेल, तर ती पोच लागेल.