पोचा घरी काढा, रंग घरी नको

पार्किंगच्या खांबाला बंपर घासतो, शेजारची दुचाकी दारावर कलंडते आणि गाडीला पोचा पडतो. गॅरेजमधला खर्च ऐकल्यावर अनेक जण तो घरीच काढायचे ठरवतात. त्यात गैर काही नाही. मात्र पोचा काढणे आणि रंग मारणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले फसले तर पत्रा बिघडतो. दुसरे फसले तर फुप्फुसे बिघडू शकतात.

कोणतीही वस्तू ठरावीक मर्यादेपर्यंत वाकवली, तर सोडल्यावर ती पूर्ववत होते. मर्यादा ओलांडली की वाक कायम राहतो. आजच्या बहुतेक गाड्यांचे बंपर प्लास्टिकचे असतात. त्यावर खूप गरम पाणी ओतले की प्लास्टिक नरम पडते आणि आतून दाबल्यावर बऱ्याचदा मूळ आकारात येते. दाराचा पोलादी पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाड असला, तरी गरम पाण्याला दाद देत नाही. उथळ, गोलसर पोचा सक्शन कपने ओढून कधी कधी निघतो. घडी पडली असेल तर नाही. इथपर्यंत जपायचे ते हात. जाड हातमोजे घातले की पुरे.

रंग उडाला असेल, तर खरा धोका पुढे असतो. पुट्टीतल्या स्टायरिनच्या वाफा डोळ्यांना आणि घशाला झोंबतात. सुकलेली पुट्टी पॉलिश पेपरने घासली की बारीक धूळ उडते. एन-९५ मास्क ही धूळ अडवतो, वाफा अडवत नाही.

सर्वांत घातक आहे तो हार्डनर. गाडीच्या रंगात किंवा वरच्या चकाकीच्या थरात तो मिसळतात, तेव्हा त्यात बहुधा आयसोसायनेट असते. १९८४ साली भोपाळमध्ये पसरलेला वायू याच रासायनिक कुळातला. रंगातली आयसोसायनेट तितकी उडून जाणारी नसतात. पण स्प्रेमुळे त्यांचे सूक्ष्म थेंब हवेत तरंगतात आणि श्वासावाटे आत जातात. त्यातून दमा जडू शकतो. एकदा शरीर संवेदनशील झाले, की पुढे अत्यल्प मात्राही झटका आणू शकते. वास येत नाही म्हणून हवा सुरक्षित, असेही मानता येत नाही.

युरोपीय महासंघात ऑगस्ट २०२३ पासून ०.१ टक्क्याहून अधिक डायआयसोसायनेट असलेली उत्पादने कामात वापरणाऱ्यांना प्रशिक्षण सक्तीचे आहे. आपल्याकडे सोसायटीच्या तळघरात, तोंडाला रुमाल बांधून तोच प्रयोग होतो आणि बाजूला मुले खेळत असतात.

तेव्हा सरळ नियम करावा: हार्डनर मिसळावा लागणारा रंग घरी मारू नये. लहान ओरखड्याला ब्रशने लावायचा टच-अप रंग मोकळ्या हवेत पुरतो. विक्रेत्यांनी डब्यावरची सूचना मराठीत ठळक द्यावी. आणि गाडी गॅरेजमध्ये दिल्यावरही धोका संपत नाही. तो फक्त दुसऱ्याच्या छातीत जातो. रंगाऱ्याला बंदिस्त स्प्रे बूथ आणि बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा मिळतो का, हे ग्राहकाने विचारायला हवे. त्यासाठी चार पैसे जास्त पडले, तर ते द्यावेत.