पाटीवरचे नाव आणि अंगीकारलेले व्रत

क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे उगम एकत्र पूजिले जातात. त्यांपैकी कृष्णा माहुलीस वेण्णेला आणि कराडास कोयनेला पोटात घेते. सांगलीस पोहोचेपर्यंत तिचे पात्र कितीतरी रुंदावते, तरी तिचे नाव बदलत नाही आणि तिचा धर्मही बदलत नाही. तिच्या काठच्या विद्यासंस्थांना आज नेमके हेच साधावयाचे आहे. संस्थांनी वाढावे, एकत्र यावे, विद्यापीठाचे रूप घ्यावे. परंतु ज्या संकल्पातून त्या जन्मल्या तो ओळखू यावा. नदीला जे सहज जमते, ते माणसांना मात्र जाणीवपूर्वक करावे लागते.

हा प्रश्न आज तातडीचा झाला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने संलग्न महाविद्यालयांची पद्धत पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपविण्याचे योजिले आहे. १९६२ साली कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि तेथील पदवी ही सातारा-सांगलीच्या कित्येक पिढ्यांची ओळख बनली. २०२१ मध्ये रयत शिक्षण संस्थेची साताऱ्यातील छत्रपती शिवाजी महाविद्यालय, यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि धनंजयराव गाडगीळ वाणिज्य महाविद्यालय ही तीन महाविद्यालये एकत्र येऊन कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ उभे राहिले. या वाटेने आणखी संस्था जातील. परंतु श्रेयांकांची रचना सर्वत्र सारखी, मूल्यांकनाचे निकष सारखे आणि माहितीपत्रकांची भाषाही सारखी झाल्यावर एक विद्यापीठ दुसऱ्यापासून वेगळे ओळखावे कशावरून?

पहिले उत्तर सुचते ते नावाचे. नाव म्हणजे केवळ पाटी नव्हे, हे आम्ही जाणतो. १९६५ साली काशी हिंदू विद्यापीठाच्या नावातून ‘हिंदू’ शब्द वगळण्याचा घाट घातला गेला, तेव्हा विद्यार्थी आणि समाज उभा राहिला आणि शासनास माघार घ्यावी लागली. शिवाजी विद्यापीठाच्या नावात ‘छत्रपती’ आणि ‘महाराज’ ही पदे यावीत, या मागणीसाठी मार्च २०२५ मध्ये कोल्हापुरात मोर्चा निघाला. राष्ट्रपुरुषाचे नाव पूर्ण आदराने उच्चारले जावे, ही भावना सर्वथा रास्त आहे. मात्र लांब नावाची इंग्रजी आद्याक्षरे होतील आणि शिवरायांचे नावच ओठांवरून जाईल, ही दुसऱ्या पक्षाची भीतीही निराधार म्हणता येणार नाही. १९१६ साली महर्षी कर्वे यांनी महिला विद्यापीठ स्थापिले. पुढे सर विठ्ठलदास ठाकरसी यांच्या पंधरा लाखांच्या देणगीमुळे त्यास त्यांच्या मातोश्री श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव लाभले. आज ते पूर्ण नाव किती जण उच्चारतात? नावाची चार अक्षरे उरली. स्त्रीशिक्षणाचे व्रत मात्र शतक उलटल्यावरही टिकून आहे. संस्थेची ओळख शेवटी कोण सांभाळतो, याचे उत्तर येथे मिळते.

याहून बोलके उदाहरण सांगलीचे आहे. तेथील महाविद्यालय १९१९ साली सुरू झाले, ते गव्हर्नर विलिंग्डन यांच्या नावाने. चालक संस्था डेक्कन एज्युकेशन सोसायटी. तिचे पुण्यातील महाविद्यालयही फर्ग्युसन या गव्हर्नरच्याच नावाचे. परकीय सत्ताधीशांची ही नावे धारण करणाऱ्या संस्थेने स्वदेशी शिक्षणाची परंपरा निर्माण केली, ती कशाच्या बळावर? अल्प वेतनावर किमान वीस वर्षे सेवा करण्याची प्रतिज्ञा घेणाऱ्या आजीव सदस्यांच्या बळावर. पाटी गव्हर्नरची होती, प्राण टिळक-आगरकरांच्या ध्येयवादाचा होता.

त्याच १९१९ साली कराडनजीकच्या काले या गावी भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ मध्ये साताऱ्यास त्यांनी वसतिगृह काढले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र राबत आणि एका पंगतीस जेवत. त्या मुलांच्या मुखी अन्न पडावे म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे सोने आणि अखेरीस मंगळसूत्रही दिले. १९४८ साली शासनाने अनुदान बंद केले असता संस्था लोकांच्या पाठबळावर तगली. वटवृक्ष हे तिचे बोधचिन्ह, स्वावलंबी शिक्षण हे तिचे ब्रीद आणि ‘कमवा व शिका’ हा तिचा नित्याचा आचार. या तिहींतील पहिली दोन कोणालाही छापता येतील; तिसरा रोज आचरावा लागतो.

म्हणूनच कर्मवीरांच्या नावाच्या विद्यापीठाची कसोटी त्याच्या प्रमाणपत्रावर लागणार नाही. शुल्काअभावी एखादा शेतमजुराचा मुलगा दारातून परत जातो का? श्रम करून शिकणाऱ्यास वर्गात मान मिळतो का? वसतिगृहातील पंगत आजही एक आहे का? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तोवर ते विद्यापीठ कर्मवीरांचे. ती तशी राहिली नाहीत, तर नाव तेवढे कर्मवीरांचे राहील.

महाबळेश्वरास येणाऱ्या सहस्रावधी पर्यटकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की, येथे गव्हावरील गेरवा रोगाचे संशोधन केंद्र आहे. ते राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे. येथील थंड, दमट हवा गेरव्यास पोषक. म्हणूनच गव्हाचे वाण येथे रोगाच्या माऱ्यात उभे करून पारखले जातात. जे वाण येथे टिकते, त्यावर दूरच्या शेतकऱ्यास विश्वास ठेवता येतो. या कामाचा गाजावाजा होत नाही, त्यास उद्घाटनाची फीत नसते. तरीही मुख्यालयापासून इतक्या दूर, डोंगरमाथ्यावरच्या त्या वाफ्यांत विद्यापीठाचा स्वधर्म पाळला जातो. विद्यापीठ म्हणजे काय, हे अशा ठिकाणी समजते.

हे सारे कुलगुरूंवर वा शासनावर सोपवून आपण मोकळे होणार का? अधिसभेच्या निवडणुकीत नोंदणीकृत पदवीधरांस मताचा अधिकार आहे. परंतु आपल्यापैकी कित्येकांनी पदवी भिंतीवर लावली आणि नोंदणी मात्र केली नाही. नामफलकासाठी मोर्चात चालणाऱ्या कार्यकर्त्याने त्याच तळमळीने वसतिगृहाची खानावळ पाहावी, ग्रंथालयात डोकवावे, रिकाम्या राहिलेल्या प्राध्यापकांच्या जागांविषयी विचारणा करावी. पाल्याच्या प्रवेशासाठी गेलेल्या पालकांनी नोकरीच्या हमीबरोबर संस्थेच्या संकल्पाविषयीही एक प्रश्न विचारावा. माजी विद्यार्थ्यांनी संमेलनाच्या छायाचित्रांवर न थांबता एका गरजू मुलाचे वर्षाचे शुल्क उचलावे. नाव देण्याचा अधिकार विधिमंडळाचा आहे. त्या नावाला शोभेल असे विद्यापीठ राखण्याचे कर्तव्य समाजाचे आहे. ते आपण पार पाडले, तरच पुढच्या पिढीला नावाचा अर्थ निराळा शिकवावा लागणार नाही.