दोन चाके, दोन कॅन आणि घाटाचा उतार

भोरच्या एसटी स्थानकाबाहेर किंवा नसरापूरजवळच्या चेलाडी फाट्यावर सकाळी तासभर उभे राहावे. भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) या दोन तालुक्यांचा निम्मा व्यवहार मोटरसायकलवरून जाताना दिसतो. दुधाचे कॅन, तांदळाची पोती, पेंडीच्या गोण्या, वैरणीचे भारे, गॅसचा सिलिंडर आणि मधूनच नवरा-बायको व दोन पोरे. राजगड-तोरण्याला निघालेली पुण्याची मंडळी हे पाहून हसतात, फोटो काढतात. मला त्यात हसण्यासारखे काही वाटत नाही.

हिशेब करून पाहा. शंभर सीसीची गाडी स्वतः सुमारे ११० किलोची असते आणि तिला पेलवणारा भार कंपनी साधारण १३० किलो सांगते. आपल्याकडे याचा अर्थ ‘१३० किलो माल’ असा घेतला जातो. प्रत्यक्षात त्यात चालवणाराही धरलेला असतो. ४० लिटरच्या कॅनमधले दूधच ४१ किलो भरते. कॅनसकट ते पन्नासच्या आसपास जाते. असे दोन कॅन आणि ६५ किलोचा गडी मिळून झाले १६५ किलो. गाडी दारातून निघते तीच ३५ किलो जादा घेऊन!

चढावर ती कुरकुरते, पण चढते. त्यामुळे मालकाला वाटते, गाडीत दम आहे. पण दम इंजिनाचा. थांबवायचे काम ब्रेकचे, आणि ब्रेकची परीक्षा उतारावर होते. एकट्या माणसासह १७५ किलोची असलेली गाडी कॅनसह २७५ किलोची होते. म्हणजे त्याच वेगाला आवरताना ब्रेकमध्ये दीडपटीहून अधिक उष्णता तयार होते. पाबे घाट किंवा वरंध घाट उतरताना पाय सतत ब्रेकवर राहिला की ड्रम तापतो आणि पकड सुटत जाते. त्यात काहीजण उतारावर इंजिनच बंद करतात. (पेट्रोल वाचवायची ही युक्ती कोणी काढली कोण जाणे!) खालच्या गिअरमध्ये इंजिन गाडीला जे धरून ठेवते, तेही मग जाते.

वजन किती, याइतकेच ते कुठे आहे याला महत्त्व आहे. मागच्या चाकाच्या आसामागे लटकलेले ओझे पुढचे चाक हलके करते. हँडल सैल लागते आणि पुढचा ब्रेक दाबूनही टायर घसरतो. अर्धा भरलेला कॅन तर वळणावर आतल्या आत हेलकावतो. पोते ट्यूबच्या रबरी पट्टीने बांधले की रबर ताणते आणि पोते डुलते. सुती दोर बरा. ओझे दोन्ही बाजूंना सारखे, खाली आणि शक्य तितके सीटजवळ असावे. जास्त भारासाठी मागच्या टायरची हवा किती हवी, ते कंपनीने वेगळे दिलेले असते. ती भरायला पैसे पडत नाहीत, तरी भरली जात नाही. १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय सक्तीची झाली. पण ओझ्याला जुंपली जाते ती बहुधा घरातली जुनी गाडी.

कायदा काय म्हणतो? १९८८च्या मोटार वाहन कायद्यानुसार चालकामागे एकच माणूस बसू शकतो. २०१९च्या दुरुस्तीने त्याच्या भंगाला हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स रद्द अशी शिक्षा आली. रस्त्यावरचा पोलीस डोकी मोजू शकतो. कॅन मोजायला त्याच्याकडे काटा कुठे आहे? आणि दंड दुप्पट केला तरी दूध संकलनाची वेळ बदलत नाही. एक कॅन नेऊन दुसऱ्यासाठी परत यावे तर पेट्रोल दुप्पट आणि केंद्र बंद! पूर्वी एसटीच्या टपावर पोती चढत. आता वाडीवर एसटीच्या फेऱ्या मोजक्याच. २०२१-२२च्या संपात तर त्याही महिनोन् महिने बंद होत्या.

म्हणून ‘बेजबाबदार’ हा शिक्का मारण्याआधी थांबावेसे वाटते. पाच-सहा घरांनी मिळून टेम्पो लावावा हे सांगायला सोपे आहे. पण एका वाडीच्या दुधात त्याचे भाडे सुटत नाही. दूधसंस्थांनी चार वाड्यांचे दूध घाटाच्या वरच गोळा केले, तर टेम्पो भरून निघेल आणि खाली येणाऱ्या मोटरसायकलवर फक्त माणूस असेल.