विताची फळी

नायगावच्या बी.डी.डी. चाळीतील ज्या खोलीत माझे बालपण गेले, तिचे क्षेत्रफळ सरकारी दप्तरात 160 चौरस फूट असे नोंदलेले होते; परंतु तेवढ्यातच मोरी, देव्हारा, पलंग, माझा अभ्यास आणि सात माणसांचे निजणे-बसणे यांची वहिवाट पडून गेलेली असल्यामुळे, स्वयंपाकाच्या वाट्याला भिंतीचा जेमतेम एक कोपरा येत असे. त्या कोपऱ्याचा कारभार आई कोणत्या शिरस्त्याने चालवीत होती, हे उमगण्यासाठी मला उतारवयात फ्लॅट घेऊन त्यात प्रशस्त कपाटे बसवून घ्यावी लागली.

आईच्या फळ्या एका विताहून खोल नव्हत्या. डब्यामागे डबा ठेवण्यास तिची सक्त मनाई होती. मागच्या रांगेतला जिन्नस हरवलाच असे समजावे, हा तिचा निवाडा. नित्य लागणारे मीठ, चहा-साखर आणि मिसळणाचा डबा कंबर व कपाळ यांच्या दरम्यान, तांदळाचे पिंप व पाटा-वरवंटा जमिनीलगत, आणि सणावारीच ज्याची आठवण व्हावी ते मोठे तपेले मोरीवरच्या माळ्यावर. तेही रिकामे नव्हेच. त्याच्या पोटात पुरणयंत्र, चकलीचा सोऱ्या आणि पाहुण्यांच्या कपबश्या जुन्या लुगड्यात गुंडाळून मुक्कामाला असत. कारण रिकामे भांडे तिच्या लेखी पडीक जमिनीसारखे, सारा भरायला लावून पीक न देणारे, होते. गोल डबे चौकोनी फळीवर रांगेने मांडले की पाचव्या हिश्श्याहून अधिक जागा सांदीकोपऱ्यांत वाया जाते, हे भूमितीत शिकून मी तिला ऐकवले, तोवर तिने चौकोनी डबे आणूनही ठेवले होते. (पितळी डब्यांची चकचकीत चळत मात्र, जागा खात असूनही, तिने अखेरपर्यंत मोडली नाही. तिथे भूमिती चालत नसे.)

ज्या दशकात मुंबईत या चाळी उभ्या राहत होत्या, त्याच दशकात, 1926 साली, व्हिएन्नाच्या वास्तुविशारद मार्गारेट श्युटे-लिहोत्स्की यांनी फ्रँकफुर्टच्या नव्या वसाहतींसाठी 1.9 मीटर रुंद व 3.4 मीटर लांब असे स्वयंपाकघर आखले. त्यात साखर-तांदळासाठी नावे घातलेले ॲल्युमिनियमचे छोटे खण एका ओळीत होते, आणि पिठाला कीड लागू नये म्हणून ओकच्या लाकडाचा निराळा खण होता. आपण तोवर कधी रांधले नव्हते, अशी कबुली पुढे त्यांनीच दिली. ही हकीकत ऐकून आईने मनाशी हिशेब केला आणि म्हणाली, "म्हणजे आपली निम्मी खोली त्यांना नुसत्या स्वयंपाकाला!"

माझ्या फ्लॅटातील ओट्याखालची कपाटे दोन फूट खोल आहेत. घनफळाच्या मोहाने मी ती मागितली आणि सुतारानेही बिनतक्रार करून दिली; माणसाचा हात वाकून, आंधळेपणाने किती अंतर चाचपू शकतो, याची चौकशी आम्हां दोघांपैकी कोणीच केली नाही. मागल्या आषाढी एकादशीला घरात साबुदाणा नाही म्हणून मी पिशवी घेऊन निघालो, तो सौभाग्यवतींच्या हुकमावरून आधी कपाटात खांद्यापर्यंत हात घातला.

तीन पुडे निघाले. एकाला जाळे लागले होते.